वापरलेलं बुलेटप्रूफ जॅकेट घेण्याआधी

वापरलेलं बुलेटप्रूफ जॅकेट टेबलावर आलं की पहिलं काम वाचण्याचं असतं, चाचपण्याचं नंतर. बाहेरचं कापड कितीही नवंकोरं दिसलं तरी ती नुसती खोळ. गोळी अडवतात ती आतली पॅनेल. खोळीच्या कडेला वेलक्रो किंवा चेन असते. ती उघडून पुढचं आणि मागचं पॅनेल बाहेर काढायचं आणि दोन्हींची लेबलं शेजारी ठेवून वाचायची. खोळीच्या लेबलावरून संरक्षणाबद्दल काहीही ठरवायचं नाही. खोळी बदलल्या जातात, आणि जुन्या मालात खोळ एकाची अन् पॅनेल दुसऱ्याचं हा प्रकार सर्रास चालतो.

पॅनेलच्या लेबलावर उत्पादकाचं नाव, मॉडेल, संरक्षणाची पातळी, कोणत्या प्रमाणाखाली (म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या निकषांखाली) तपासलं ते, माप, उत्पादनाची तारीख, लॉट क्रमांक, अनुक्रमांक आणि कोणती बाजू अंगाला लावायची ही सूचना हवी. पुढच्या-मागच्या पॅनेलचं मॉडेल आणि पातळी जुळते का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि बऱ्याच वेळा तपासणी तिथेच संपते. लेबल खरवडलेलं, शाई उडालेली, तारखेच्या जागी डाग, असं काही दिसलं तर किंमत विचारायचीही गरज नाही. विकणारा लांबचा असेल तर पैसे देण्याआधी पॅनेलच्या लेबलाचा फोटो मागवायचा. खोळीचे दहा फोटो येतात आणि पॅनेलचा एकही येत नाही, तेव्हा समजायचं काय ते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवायची: हाताने आणि डोळ्याने केलेल्या तपासणीतून जॅकेट नापास ठरवता येतं, पास ठरवता येत नाही. पुढचं सगळं नापास करण्याची कारणं शोधण्यासाठी आहे. एकही कारण सापडलं नाही, तर ‘अजून नापास झालेलं नाही’ एवढंच म्हणता येतं.

आता पातळी. जगभर सर्वांत जास्त दिसणारा शिक्का अमेरिकेच्या एनआयजे या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेच्या प्रमाणाचा. जुन्या बाजारात येणारा माल मुख्यतः २००८ सालच्या ०१०१.०६ या आवृत्तीचा असतो, आणि त्याहून जुना असेल तर ०१०१.०४ चा. ०१०१.०६ मध्ये पाच पातळ्या आहेत: २ए, २, ३ए, ३ आणि ४, लेबलावर त्या रोमन आकड्यांत छापलेल्या असतात. नवख्या माणसाचा गोंधळ ३ए आणि ३ मध्ये होतो. ‘ए’ लागलं म्हणजे वरचा दर्जा, असं वाटतं, आहे उलट. ३ए हे मऊ जॅकेट. ते पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी, चाचणीत .४४ मॅग्नमची गोळी सेकंदाला ४३६ मीटर वेगाने. ३ म्हणजे रायफलसाठीची कडक प्लेट, ७.६२ नाटो गोळी सेकंदाला ८४७ मीटरने. ४ म्हणजे चिलखतभेदी .३० गोळी सेकंदाला ८७८ मीटरने, आणि तीही एकच. ‘३ प्लस’ नावाची पातळी या प्रमाणात नाही. तो उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. तो खोटाच असतो असं नाही, पण त्यामागचा चाचणी अहवाल समोर हवा. २०२३ च्या नोव्हेंबरात ०१०१.०७ आलं आणि नावं बदलली: पिस्तुलासाठी एचजी१, एचजी२ आणि रायफलसाठी आरएफ१, आरएफ२, आरएफ३. भारताचं आयएस १७०५१ हे २०१८ चं प्रमाण सहा पातळ्यांचं आहे, आणि त्यातल्या आकड्यांचा एनआयजेच्या आकड्यांशी थेट मेळ लावायचा नाही. युरोपातल्या व्हीपीएएम या प्रमाणाचंही तसंच.

मॉडेलचं नाव मिळालं की ते एनआयजेच्या प्रमाणित मॉडेलांच्या यादीत शोधायचं. ‘एनआयजे प्रमाणानुसार तपासलेलं’ आणि ‘एनआयजेने प्रमाणित केलेलं’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं कुणीही छापू शकतो. दुसऱ्यासाठी मॉडेल यादीत असावं लागतं, आणि त्याचं प्रमाणपत्र मागे घेतलेलं नसावं लागतं. लष्करी मालाची गोष्ट वेगळी: लष्कराची जॅकेटं आणि प्लेट लष्कराच्या स्वतःच्या निकषांवर तपासलेल्या असतात, त्यामुळे त्या यादीत सापडत नाहीत. याचा अर्थ त्या वाईट असा नव्हे. पण त्यांची प्रमाणित पातळी सांगणारा विकणारा अंदाजच सांगत असतो.

मग तारीख. बहुतेक उत्पादक मऊ पॅनेलला ५ वर्षांची हमी देतात, खोळीला वर्ष-दोन वर्षांची. ५ वर्षं आणि १ दिवसानंतर पॅनेल निकामी होतं असं अजिबात नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत पोलिसांना दिलेली केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची जॅकेटं दहाएक वर्षांनी तपासली, तेव्हा निव्वळ वयामुळे घसरण झालेली दिसली नव्हती. वयापेक्षा वापर आणि निगा जास्त बोलते. रोज आठ तास घामाखाली वापरलेलं तीन वर्षांचं जॅकेट आणि कपाटात सपाट पडलेलं सात वर्षांचं जॅकेट यात दुसरं बरं असण्याची शक्यता खरी आहे. अडचण अशी की दुसऱ्याच्या बाबतीत ‘कपाटात होतं’ हे फक्त विकणाऱ्याचं तोंडी सांगणं असतं. आणि हमी साधारणपणे पहिल्या खरेदीदाराची असते, वस्तूबरोबर ती हस्तांतरित होईलच असं नाही.

वयाच्या या उदार हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणूनच लक्षात ठेवायचा: झायलॉन. पीबीओ नावाचा हा धागा केव्हलारपेक्षा ताकदीला जास्त, त्यामुळे जॅकेट हलकं होतं, म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी जॅकेटांत आला. २००३ साली अमेरिकेत एका पोलिसाच्या झायलॉनच्या जॅकेटातून अडायला हवी होती ती गोळी आरपार गेली. ओलाव्याने या धाग्याच्या रेणूंतली कडी तुटते. प्रकाशानेही त्याची झीज होते. एनआयजेने २००५ मध्ये वापरलेली १०३ झायलॉन जॅकेटं तपासली. ६० जॅकेटांतून किमान एक गोळी आरपार गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांत गोळी अडली, पण जॅकेटामागे ठेवलेल्या चाचणीच्या मातीतला खड्डा मर्यादेपेक्षा खोल निघाला. सगळ्या निकषांवर उतरली ती फक्त ४. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झायलॉनच्या मॉडेलांचं प्रमाणन संपलं. यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की बाहेरून बघून चांगलं आणि वाईट पॅनेल ओळखता येत नव्हतं. म्हणून नियम सरळ ठेवायचा: लेबलावर झायलॉन किंवा पीबीओ हा शब्द असेल, किंवा तारीख २००६ च्या आधीची आणि धागा कोणता ते कळत नसेल, तर बाजूला. मोफत मिळत असेल तरी बाजूला.

०१०१.०६ मध्ये त्यानंतर जी मोठी भर पडली ती याच अनुभवातून. मऊ पॅनेल गोळी झाडण्याआधी ६५ अंश सेल्सिअस तापमानात, ८० टक्के आर्द्रतेत, फिरत्या पिंपात १० दिवस घुसळलं जातं. सुमारे ७२,००० फेऱ्या. जुन्या ०१०१.०४ च्या मालाला ही परीक्षा नव्हती. निवड करायचीच असेल तर ०१०१.०६ चा माल घ्यायचा, याचं खरं कारण हे.

लेबलाची पायरी पार झाली तर आता हात लावायचा. पॅनेल सपाट टेबलावर ठेवून तळव्याने मधून कडेकडे दाबत जायचं. मऊ पॅनेलमध्ये कापडाचे किंवा पातळ पत्र्यांसारखे अनेक थर एकावर एक असतात, आणि ते एकसारखे लागायला हवेत. कुठे गोळा लागला, कुठे कडेला थर खाली सरकून रिकामी किनार राहिली, कुठे कायमची घडी बसली, तर ती जागा कमकुवत. सर्वांत जास्त त्रास काखेच्या कडेला आणि पोटाच्या खालच्या टोकाला होतो, कारण बसताना पॅनेल तिथेच मुडपतं. हँगरला खांद्याच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं लटकवलेल्या जॅकेटात थर खाली ओघळलेले लागतात. पॅनेल हलक्या हाताने वाकवून सोडलं की परत सपाट व्हायला हवं. पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचं पॅनेल मुळातच जरा ताठ असतं; त्याच्या ताठपणाला घाबरायचं नाही, पण वाकवताना थर सुटल्याचा कुरकुर आवाज आला तर घाबरायचं.

पॅनेलवरचं कव्हर हा दुसरा मोठा मुद्दा. केव्हलार किंवा ट्वारॉनसारखे अ‍ॅरामिड धागे ओले झाले की एकमेकांवरून घसरतात आणि गोळी अडवण्याची क्षमता खाली येते. वाळल्यावर ती बरीचशी परत येते, पण गोळी वाळेपर्यंत थांबत नाही. ऊन लागलं की अ‍ॅरामिड कायमचं खराब होतं, आणि ब्लीचनेही. म्हणून पॅनेल जलरोधक, काळ्या किंवा गडद कव्हरात बंद केलेलं असतं. कडा उष्णतेने चिकटवलेल्या असतील तर दोन हातांनी पॅनेल दाबून कान जवळ न्यायचा. कुठून हवा सुटत असेल तर तिथे भोक आहे. शिवणीजवळ बॅज लावताना घातलेल्या सुईची भोकं, पिनांचे ठिपके, चिकटपट्टीने बुजवलेले फाटे हे सगळं नापास. कव्हर उघडून आत बघायचा मोह आवरायचा, कारण उघडलेलं पॅनेल तुमच्या हातूनच नापास होतं. वास मात्र घ्यायचा. घामाचा वास खोळीला येतो आणि खोळ धुता येते. पॅनेलला कुबट, बुरशीचा वास असेल तर ओल आत पोचलेली आहे. कपडे धुण्याच्या साबणाचा सुगंध पॅनेलला येत असेल तर ते त्याहून वाईट: कुणीतरी ते मशिनमध्ये घातलं होतं. पॅनेल फक्त ओल्या फडक्याने पुसायचं असतं.

पॉलिइथिलीनचा शत्रू पाणी नसून उष्णता. हा धागा १५० अंशांच्या आसपास वितळतो, पण ताकद त्याच्या बऱ्याच खाली, ७०-८० अंशांपासूनच ढासळू लागते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत उन्हाळे काढलेलं जॅकेट म्हणूनच नको. ‘कायम गाडीतच असायचं, फारसं घातलंच नाही’ ही विकणाऱ्याची वाक्यं तो कौतुकाने सांगतो. ऐकणाऱ्याने त्यांचा अर्थ उलटा लावायचा.

शेवटी वजनकाटा. त्याच मॉडेलच्या त्याच मापाचं वजन उत्पादकाच्या माहितीपत्रकात मिळालं तर ताडून बघायचं. भरपूर कमी असेल तर आत थर कमी आहेत किंवा ते पॅनेलच ते नव्हे. जास्त असेल तर ओल धरली असण्याची शंका घ्यायची.

गोळी लागलेलं पॅनेल कधीच घ्यायचं नाही, ‘फक्त एक लागली’ असली तरी. त्या जागचे धागे तुटलेले आणि आजूबाजूचे ओढले गेलेले असतात.

कडक प्लेटांचं गणित वेगळं. सिरॅमिक प्लेट गोळीचं टोक फोडते आणि मागचा पॉलिइथिलीन किंवा अ‍ॅरामिडचा थर तुकडे धरतो. सिरॅमिक म्हणजे अ‍ॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड. ही सगळी कडक आणि ठिसूळ आहेत. प्रमाणाच्या चाचणीत प्लेट साधारण १.२ मीटर उंचीवरून काँक्रीटवर दोनदा पाडली जाते आणि त्यानंतरही तिने गोळी अडवायची असते. पण दहा वेळा पडलेल्या प्लेटबद्दल कुणी काही सांगत नाही. कोपरे आधी बघायचे, कारण प्लेट कोपऱ्यावरच पडते. कोपरा मऊ लागला, कापडाखाली वाळूसारखं कुरकुरलं, तर बाजूला. मग प्लेटचे विरुद्ध कोपरे धरून हलकेच पिळायचं आणि ऐकायचं. मडकं घेताना टिचकी मारतात तशी प्लेटही ठोकून बघतात: चांगली खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. पण प्लेटभोवती फोम आणि कापड असेल तर चांगलीही बद्दच वाजते, त्यामुळे या टिचकीवर भिस्त ठेवायची नाही. खरी तपासणी एक्स-रेची. अमेरिकी लष्कर आपल्या प्लेट एक्स-रेखालूनच काढतं, आणि औद्योगिक वेल्डिंगचे एक्स-रे काढणाऱ्या प्रयोगशाळा हे काम करू शकतात. केसाएवढा तडाही चित्रात रेघ होऊन उमटतो.

प्लेटच्या लेबलावर आणखी एक ओळ शोधायची: ती एकटी चालते की मऊ पॅनेलबरोबरच. इंग्रजीत दुसऱ्या प्रकाराला आयसीडब्ल्यू म्हणतात. अशा प्लेटची पातळी मागे ठरावीक मऊ पॅनेल असेल तरच खरी. जुन्या बाजारात जोडी तुटते, प्लेट एकटी विकली जाते आणि घेणारा ती साध्या खिशात घालतो. वापरलेल्या प्लेटच्या व्यवहारात होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत घातक, कारण प्लेटमध्ये दोष काहीच नसतो.

पोलादी प्लेट तुटत नाही, म्हणून ती जुनी घ्यायला निर्धोक असं म्हणतात. गोळी ती अडवते खरी, पण गोळीचे तुकडे प्लेटवरून कडेकडे उडतात, हनुवटी, गळा, दंड, मांड्या. त्यासाठी वर जाड रबरी लेप असतो, आणि वापरलेल्या प्लेटवर तो सोललेला किंवा फुगलेला असतो. शिवाय पातळ पोलादाला जास्त वेगाची हलकी ५.५६ मिलिमीटरची रायफलची गोळी भोक पाडू शकते, आणि पॉलिइथिलीनच्या लेव्हल ३ प्लेटमधून पोलादी टोकाची ५.५६ जाऊ शकते. दोन्ही प्लेट ७.६२ नाटो मात्र अडवतात. पातळीचा एक आकडा सगळ्या धोक्यांना पुरत नाही. आणि सुरा? बुलेटप्रूफ पॅनेल भोसकणं अडवेल असं धरून चालायचं नाही. त्याचं प्रमाण वेगळं, लेबल वेगळं.

मापाकडे लोक शेवटी बघतात, खरं तर तिथेही अनेक जॅकेटं नापास होतात. उभं राहिल्यावर पॅनेलचं खालचं टोक पट्ट्याच्या दोन-तीन बोटं वर असावं, म्हणजे बसल्यावर पॅनेल वर सरकून गळ्यात घुसत नाही. बाजूंना पुढचं पॅनेल मागच्यावर साधारण ५ सेंटिमीटर चढावं. प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळग्याला लागावी. बायकांच्या छातीसाठी घडवलेलं पॅनेल पुरुषाने घातलं, किंवा उलट, तर कडा फाकतात. जॅकेट मूळ माणसाच्या अंगावर मोजून केलेलं असतं, तुमच्या नव्हे.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण तो जागेनुसार बदलतो, पण त्याचे साचे तीनच आहेत. पहिल्या साच्यात सामान्य माणसाला घेता येतं, फक्त ठरावीक गुन्हेगारांना बंदी. अमेरिकेच्या संघीय कायद्यात २००२ पासून हिंसक गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना जॅकेट जवळ ठेवायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये बाळगण्यासाठी परवाना लागत नाही. दुसऱ्या साच्यात परवाना लागतो: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा प्रांतांत असा कायदा आहे. ऑस्ट्रेलियात आयातीला परवानगी लागते आणि न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत जॅकेट प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत आहे. तिसऱ्या साच्यात व्यवसाय सिद्ध करावा लागतो: न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये विक्री ठरावीक व्यवसायांपुरती मर्यादित केली, आणि आधी व्याख्येबाहेर राहिलेल्या कडक प्लेटही लगेच दुरुस्ती करून आत घेतल्या. जुन्या व्यवहारात पेच असा की नियम विकणाऱ्यालाही लागू असतो, आणि तो दुकानदार नसल्याने त्याला तो ठाऊक नसतो. सीमेपलीकडून मागवलं तर घेण्याचा नियम वेगळा, आयातीचा वेगळा आणि पाठवणाऱ्या देशाच्या निर्यातीचा तिसरा. सामानात टाकून विमानाने नेणं हीसुद्धा निर्यातच. पोलिसांचा किंवा लष्कराचा शिक्का असलेला माल असेल तर तो भंगारात अधिकृतपणे निघाल्याचा कागद मागायचा. कागद नसेल तर ती सरकारी मालमत्ता असू शकते, आणि चोरीचा माल घेणाऱ्याकडूनही जप्त होतो. पावतीवर मॉडेल, लॉट, अनुक्रमांक, दोन्ही बाजूंची नावं आणि तारीख लिहून घ्यायची.

एका जॅकेटवर घरच्या घरी गोळी झाडून बघणं निरर्थक आहे. जे तपासलं ते संपलं, आणि जे उरलं ते तपासलेलंच नाही. एकाच लॉटची आठ-दहा पॅनेल घेणाऱ्या संस्थेला मात्र एक पॅनेल बळी देणं परवडतं. प्रयोगशाळेत पॅनेलमागे ठरावीक चिकणमाती ठेवतात. ती आधी जोखतात: १.०४३ किलोचा, ६३.५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा २ मीटरवरून सोडला की सरासरी १९ मिलिमीटर खोल खड्डा पडायला हवा, दोन मिलिमीटर इकडे-तिकडे. मग गोळ्या. गोळी अडली तरी मातीतला खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर नापास, कारण तो खड्डा छातीत पडणार असतो. सोबत व्ही५० मागायचा, म्हणजे ज्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जातात तो वेग. नवीन पॅनेलचा व्ही५० ठाऊक असेल तर जुन्याची झीज किती हे आकड्यात दिसतं, निव्वळ पास-नापास यापेक्षा जास्त.

नापास ठरलेलं पॅनेल कचऱ्यात टाकायचं नाही. तिथून ते पुन्हा विक्रीला येतं. उत्पादक परत घेत असेल तर त्याच्याकडे पाठवायचं. नसेल तर अ‍ॅरामिड कापायच्या दातेरी कात्रीने, साध्या कात्रीला ते जुमानत नाही, पॅनेल आडवं-उभं कापून चार-सहा तुकडे करायचे. लेबल आधी कापून वेगळं काढायचं आणि परवाना लागणाऱ्या ठिकाणी ते पावतीला लावून नोंद रद्द करून घ्यायची.